जमिनीखाली पाणी सोडलं आणि भूकंप आला : ओक्लाहोमा, कोयना आणि आईचा एक प्रश्न

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. हा धागा काढीन काढीन म्हणून बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, स्टिलवॉटरला राहतो. माझं आजोळ हेळवाक, पाटण तालुका, म्हणजे कोयना धरणाच्या अगदी खालच्या अंगाला. आई २०१६ च्या ऑगस्टात पहिल्यांदा इकडे आली. ३ सप्टेंबर, शनिवार, सकाळचे सात वाजून दोन मिनिटं. दोन दिवसांवर गणपती होते, मखराचे पुठ्ठे हॉलमध्येच पसरलेले, आई ओट्यापाशी चहा टाकत होती आणि मी अर्धवट झोपेत. आधी लांबून ट्रक आल्यासारखी गुरगुर आली आणि मग घर हलायला लागलं. मला काय होतंय ते कळायच्या आत आईने गॅस बंद केला, माझ्या चार वर्षांच्या मुलाला पाळण्यातल्या बाळासारखं उचललं आणि ती अनवाणी मागच्या अंगणात पोचलीसुद्धा. मी दारातच उभी. ती तिथून ओरडतेय, भिंतीपासून लांब ये, भिंतीपासून लांब ये.

५.८ चा होता. केंद्र पॉनी गावाजवळ, आमच्यापासून साधारण ४० किलोमीटर. ओक्लाहोमात नोंद झालेला आजवरचा सगळ्यात मोठा. आमच्या घराच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीला जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची चीर गेली. पॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या कार्यालयांच्या जुन्या दगडी इमारतींचं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान झालं.

आई १९६७ ला आठ वर्षांची होती. ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला जे झालं त्यातून ती वाचलीये. अंगणात बसून ती म्हणाली, हा आपल्याकडच्यासारखाच, आधी गुरगुरतो मग हलवतो. मग मी तिला सांगितलं की इथले शास्त्रज्ञ म्हणतात हे भूकंप तेलाच्या विहिरींचं सांडपाणी जमिनीत खोल सोडल्यामुळे होतात. ती बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर विचारलं, "म्हणजे कुणीतरी वर बसून पाणी सोडत होतं, आणि त्याला ठाऊक होतं? मग थांबवलं का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. जेवढं कळलं तेवढं मांडते, चुकलं तर जाणकारांनी सांगा.

तेलाबरोबर जमिनीतून पाणी येतं. साधं नाही, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं, आत्ताच्या समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट. उत्तर ओक्लाहोमातल्या चुनखडकाच्या काही भागांत एक बॅरल तेलामागे दहा-दहा बॅरल पाणी निघतं. ते शेतात सोडलं तर जमीन मेली, ओढ्यात सोडलं तर ओढा मेला. म्हणून ते परत खाली सोडतात, डिस्पोजल वेलमधून. इथे त्यासाठी आर्बकल नावाचा थर वापरतात, सच्छिद्र खडक, साधारण दोनेक किलोमीटर खोल, आणि त्याची पाणी प्यायची ताकद एवढी की बऱ्याच ठिकाणी जोर न लावतासुद्धा पाणी आत जातं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण आर्बकलच्या खाली लगेच ग्रॅनाईटचा जुना कातळ आहे आणि त्यात जुने फॉल्ट आहेत, म्हणजे जिथे कातळ सरकू शकतो अशा भेगा, कित्येक कुठल्याच नकाशावर नव्हते.

२००८ च्या आधी ओक्लाहोमात ३ च्या वरचे भूकंप वर्षाला एक किंवा दोन व्हायचे. २०१५ साली ९०० च्या आसपास झाले. वर्षाला एक-दोन ते दिवसाला दोन-तीन. कॅलिफोर्नियापेक्षा जास्त!

मोरगिरीकर

ताई, अंगावर काटा आला. आम्ही मोरगिरी खोऱ्यातले. आमच्याकडे अजूनही रात्री भांड्यांचा आवाज झाला की घरातली म्हातारी माणसं आधी छताकडे बघतात. सविस्तर लिहितो रात्री.

भूगर्भी

उत्तम धागा. मी तेवीस वर्षं तेलाच्या रिगवर काढली, बहुतेक मुंबईपासून दूर समुद्रात, आता निवृत्त आहे. पाण्याने भूकंप कसा होतो हे सांगायला एक घरातलं उदाहरण देतो. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला की कधी कधी तो आपोआप सरकत जातो, पाहिलंय ना सगळ्यांनी? पेल्याचं वजन तेवढंच, ओटाही तोच. पण आतली हवा तापून फुगते, पेल्याला खालून किंचित उचलते, ओट्यावरची पकड सुटते आणि जरासा उतार मिळाला की पेला निघाला.

फॉल्ट म्हणजे तोच पेला. दोन बाजूंचे कातळ प्रचंड दाबाने एकमेकांना चिकटून बसलेत, आणि पृथ्वीच्या आतला ताण त्यांना आधीपासूनच सरकवायला बघतोय. अडवून धरतंय ते घर्षण. फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की तो कातळांना एकमेकांपासून किंचित ढकलतो, घर्षण कमी पडतं आणि फॉल्ट सुटतो. हबर्ट आणि रूबी या दोघांनी १९५९ साली हे गणितासकट मांडलं होतं, आणि त्यांनीही असंच उदाहरण दिलं होतं, काचेवर पालथ्या घातलेल्या बिअरच्या थंड कॅनचं.

म्हणजे लक्षात घ्या, भूकंपाची ताकद पाण्याने येत नाही. ती आधीच साठलेली असते. पाणी फक्त कडी काढतं. आणि कडी काढायला फार दाब लागतो असंही नाही, फॉल्ट आधीच सुटायच्या बेतात असला तर एक-दोन बार (बार हे दाबाचं माप) जास्तीचा दाब पुरतो. गाडीच्या टायरमध्ये त्याहून जास्त असतो.

एक_वाचक

मग हे १९५९ पासून माहीत होतं तर २०१५ ला एवढं आश्चर्य कशाचं??

भूगर्भी

प्रश्न बरोबर आहे, आणि म्हणूनच डेन्व्हरची हकिकत सांगायला हवी.

डेन्व्हरजवळ रॉकी माउंटन आर्सेनल म्हणून अमेरिकी लष्कराचा कारखाना होता. रासायनिक शस्त्रं आणि कीटकनाशकं तिथे बनायची. त्यांचं विषारी सांडपाणी उघड्या तळ्यांत साठवायचे, ते आजूबाजूच्या विहिरींत उतरलं, पिकं करपली. म्हणून १९६१ साली ३,६७१ मीटर खोल विहीर खणली आणि मार्च १९६२ पासून त्यात पाणी सोडायला सुरुवात केली. महिन्याभरात हादरे सुरू. त्या भागाला भूकंपाची सवयच नव्हती. पुढच्या साडेतीन वर्षांत सातशेच्या वर नोंदले गेले.

डेव्हिड इव्हान्स नावाच्या भूशास्त्रज्ञाने दोन आलेख एकाखाली एक ठेवले. वर महिन्याला होणारे भूकंप, खाली महिन्याला सोडलेलं पाणी. पाणी वाढलं की भूकंप वाढतात, पाणी थांबलं की कमी होतात. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्याने हे जाहीरपणे मांडलं आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने पाणी सोडणं थांबवलं. तोवर साडेसोळा कोटी गॅलन खाली गेलं होतं, म्हणजे आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशोबात साठ हजारांवर टँकर.

आणि आता महत्त्वाचं. विहीर बंद झाल्यावर सगळ्यात मोठे भूकंप आले. १९६७ चा एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर, तिन्ही ५ च्या आसपास. दाब खडकातून पसरायला वेळ घेतो. तुम्ही वर कॉक बंद करता तेव्हा खाली तो दाब अजून पुढे पुढे चाललेला असतो, आणि जितका लांब जाईल तितका मोठा फॉल्ट त्याला सापडू शकतो.

तारखा बघा. डेन्व्हरचा शेवटचा मोठा धक्का नोव्हेंबर १९६७ च्या शेवटच्या आठवड्यात. कोयनेचा ११ डिसेंबरच्या पहाटे. मध्ये पंधरा दिवस. माणसाने पाणी एका जागी कोंडलं आणि जमीन हलली, याचे दोन पुरावे जगाला एकाच पंधरवड्यात मिळाले.

कृष्णाकाठची

काका, हा पंधरा दिवसांचा योग मला माहीतच नव्हता. आईला सांगणार.

स्नेहल_ह्यूस्टन

मी तेल कंपनीत काम करते, रिझर्व्हॉयर इंजिनिअर आहे. दोन गोष्टी नोंदवते कारण अशा चर्चांमध्ये लगेच सगळं फ्रॅकिंगच्या नावावर जातं.

एक म्हणजे ओक्लाहोमातले बहुतेक भूकंप फ्रॅकिंगमुळे नव्हते. फ्रॅकिंगमध्ये खडक फोडायला काही तास किंवा दिवस जोरात पाणी मारतात आणि त्यातलं बरंच परत येतं. डिस्पोजल वेलमध्ये वर्षानुवर्षं, रात्रंदिवस पाणी जातं आणि ते परत यायचं नसतं. ओक्लाहोमाच्या भूकंपांत थेट फ्रॅकिंगचा वाटा अगदी एक-दोन टक्के धरतात. दुसरं, अमेरिकेत अशा हजारो विहिरी आहेत आणि बहुसंख्य विहिरींजवळ काहीही होत नाही. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की महिन्याला तीन लाख बॅरलच्या वर पाणी घेणाऱ्या विहिरींचा भूकंपाशी संबंध सगळ्यात जास्त. म्हणजे विहीर असणं हा मुद्दा नाही, किती वेगाने आणि कशाच्या डोक्यावर सोडताय हा आहे.

भूगर्भी

स्नेहल, शंभर टक्के सहमत, फक्त एक जोडतो. फ्रॅकिंगने होतच नाहीत असंही कुणी समजू नये. कॅनडात अल्बर्टातल्या फॉक्स क्रीकजवळ आणि चीनच्या सिचुआनमध्ये थेट फ्रॅकिंगशी जोडलेले ४ च्या वरचे भूकंप आहेत. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ २०११ ला २.३ चा आणि ऑगस्ट २०१९ ला २.९ चा झाला, आणि त्याच नोव्हेंबरात सरकारने इंग्लंडमधलं फ्रॅकिंग थांबवलं.

तीन लाख बॅरल म्हणजे महिन्याला पावणेपाच हजार टँकर, बरं का. एका विहिरीत.

एक_वाचक

एवढं पाणी शुद्ध करून वापरत का नाहीत? मराठवाड्यात माणसं टँकरची वाट बघतात आणि इथे...

स्नेहल_ह्यूस्टन

समुद्राचं पाणी गोडं करणं परवडतं कसंबसं, हे त्याच्या पाच-सहा पट खारट असू शकतं, शिवाय तेल, जड धातू, कधी किरणोत्सारी रेडियमसुद्धा. करता येतं पण खर्च भयानक आणि उरलेल्या मिठाच्या डोंगराचं काय करणार. काही ठिकाणी तेच पाणी पुढच्या फ्रॅकिंगला परत वापरतात, तो रस्ता बरा आहे.

राईनकाठ

मी स्वित्झर्लंडमधल्या बासेलला असतो, औषध कंपनीत, २००४ पासून. आमचा किस्सा तेलाचा नाही, 'हरित' ऊर्जेचा आहे, म्हणून इथे लिहितो.

शहराच्या आतच, हो अगदी शहरात, पाच किलोमीटर खोल विहीर खणली होती. कल्पना अशी की खालचा ग्रॅनाईट तापलेला आहे, त्यात जोराने पाणी मारून भेगा उघडायच्या, मग एका विहिरीतून थंड पाणी खाली आणि दुसरीतून वाफ वर, त्यावर वीज. २ डिसेंबर २००६ ला पाणी मारायला सुरुवात. हादरे मोजत होतेच. ८ तारखेला ते वाढायला लागले तसं पाणी थांबवलं, आणि काही तासांनी, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला, ३.४ चा आला. आकडा लहान वाटतो पण मी घरी होतो आणि तो हलण्यापेक्षा आधी *ऐकू* आला, शेजारच्या गल्लीत सिलेंडर फुटल्यासारखा. माझी बायको खिडक्या बघत फिरत होती.

बासेलच्या माणसाला १३५६ चा भूकंप शाळेत शिकवतात, त्यात हे शहर जमीनदोस्त झालं होतं. त्यामुळे लोक फार चिडले. भिंतींच्या बारीक चिरांचे हजारो दावे आले आणि लाखो फ्रँक भरपाई दिली गेली. २००९ मध्ये प्रकल्प कायमचा बंद. प्रकल्पाच्या प्रमुखावर खटलाही चालला, तो निर्दोष सुटला.

त्यांनी फक्त साडेअकरा हजार घनमीटर पाणी सोडलं होतं. आणि थांबवल्यावरही जानेवारी-फेब्रुवारीत ३ च्या वरचे आणखी तीन झाले. भूगर्भीकाका म्हणतात तेच.

उल्सान_ते_उरण

बासेलची पुढची पायरी म्हणजे पोहांग, दक्षिण कोरिया. मी जहाजबांधणीत आहे, २०१७ ला उल्सानला होतो, पोहांग तिथून जवळच. १५ नोव्हेंबर २०१७, दुपारी अडीचच्या सुमारास. मी ड्राय डॉकमध्ये होतो, वर क्रेनचे हुक झुलत होते आणि सगळे एकदम गप्प. ५.५ चा होता. शंभराच्या आसपास लोक जखमी, हजारो घरांचं नुकसान.

दुसऱ्या दिवशी कोरियातली सगळ्यात मोठी परीक्षा होती, आपल्या बारावी आणि सीईटीचं मिळून जे होईल ते, पाच-सहा लाख पोरं बसतात. त्या देशात परीक्षेच्या दिवशी विमानंसुद्धा थांबवून ठेवतात. ती परीक्षा आठवडाभर पुढे ढकलली, नैसर्गिक आपत्तीमुळे असं पहिल्यांदाच झालं.

आणि नंतर कळलं ती नैसर्गिक नव्हतीच. तिथेही उष्ण खडकात पाणी मारायचा प्रकल्प होता, चार किलोमीटरच्या वर खोल दोन विहिरी. मार्च २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने जाहीर सांगितलं की हा भूकंप त्या पाण्यानेच सुटला. त्यात दोन गोष्टी होत्या ज्या वाचून मला झोप लागली नाही. एक, दुसरी विहीर खणताना पावणेचार किलोमीटरच्या पुढे एका जागी ड्रिलिंगचा चिखल अचानक गायब झाला होता, म्हणजे तिथे फुटलेला खडक होता, फॉल्टच होता, आणि त्या खुणेचा अर्थ कुणी लावला नाही. दोन, एप्रिल २०१७ मध्येच ३ च्या वरचा एक भूकंप झाला होता. काही महिने थांबले आणि ऑगस्टात परत पाणी मारायला लागले. सप्टेंबरात शेवटचं पाणी. दोन महिन्यांनी हा.

पाणी किती, तर दोन्ही विहिरी मिळून तेराशे टँकरच्या आत, त्यातलं अर्ध्याहून जास्त परत वर आलेलं.

कृष्णाकाठची

"त्या खुणेचा अर्थ कुणी लावला नाही." आईचा प्रश्न हाच आहे खरं तर.

आमच्याकडेही खूण होती. प्राग नावाचं गाव आहे ओक्लाहोमात (उच्चार प्रेग करतात). नोव्हेंबर २०११ मध्ये तिथे ५.७ चा झाला, चौदा घरं पडली. आजूबाजूच्या विहिरींत १९९३ पासून पाणी जात होतं. अठरा वर्षं. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी याचा पेपर छापला, २०१४ मध्ये दुसरा, ज्यात दाखवलं की ओक्लाहोमा सिटीजवळच्या फक्त चार मोठ्या विहिरींचा दाब ३५ किलोमीटर लांबचे भूकंप सोडवू शकतो. राज्याच्या भूशास्त्र विभागाने "बहुतेक भूकंप सांडपाण्यामुळेच, याची दाट शक्यता" हे म्हणायला एप्रिल २०१५ उजाडला. राज्याच्या नियामक कमिशनने मोठ्या भागात पाणी ४० टक्के कमी करा म्हणून सांगितलं ते २०१६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि आमच्या घराला चीर गेली सप्टेंबरात. पॉनीनंतर मग आसपासच्या ३७ विहिरी तातडीने बंद करायला लावल्या. म्हणजे एका फर्मानात करता येत होतं.

स्नेहल_ह्यूस्टन

कृष्णाकाठची, मी उद्योगाची बाजू घेतेय असं समजू नका, पण आत बसल्यावर ते एवढं सरळ दिसत नाही हेही लिहिते. अमुक भूकंप अमुक विहिरीने केला हे सिद्ध करणं अवघड असतं, एका तालुक्याएवढ्या जागेत पन्नास विहिरी, सगळ्यांचा दाब एकमेकांत मिसळलेला. प्रत्येक कंपनी म्हणते माझं पाणी नाही. शिवाय एका राज्याचा चुलीचा खर्च तेलावर चालतो. हे समर्थन नाही. २०१२-१३ मध्ये आमच्याकडेही मीटिंगांमध्ये हे नकाशे पडद्यावर यायचे आणि पुढची स्लाईड यायची. मी त्या खोलीत होते आणि मी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कृष्णाकाठची

तुम्ही लिहिलंत हेच मोठं आहे. खरंच.

भरपाईचं सांगते. आमच्याकडे भूकंपाचा वेगळा विमा होता, इथे तो साध्या घरविम्यात येत नाही, जास्तीचा हप्ता भरून घेतला होता. दावा केला तर कंपनीचं पत्र आलं की पॉलिसी *नैसर्गिक* भूकंपासाठी आहे. म्हणजे माणसाने केला म्हणून विमा नाही, आणि माणसाने केला हे सिद्ध करता येत नाही म्हणून तेल कंपनी नाही. चीर मात्र आमच्या भिंतीत. राज्याच्या विमा आयुक्तांनी २०१५ मध्येच यावरून कंपन्यांना समज दिली होती तरी ही गत. प्रागच्या एका जखमी बाईंनी मात्र तेल कंपन्यांवर दावा लावला होता, आणि २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हो, असा दावा साध्या कोर्टात चालू शकतो, कमिशनकडेच जा असं नाही. ते वाचून आमच्या गल्लीतल्या कितीतरी लोकांना जरा धीर आला.

डहाणूचा_मी

आमच्याकडे डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून हादरे सुरू झाले. धुंदलवाडीच्या पोरांनी शाळा तंबूत भरवलेली मी डोळ्यांनी पाहिलीये. तेव्हापासून गावात कुणी म्हणतं बोअरवेलमुळे, कुणी म्हणतं शोषखड्डे आणि पुनर्भरण केलं त्याने. आमच्या ग्रामपंचायतीत एकाने पुनर्भरणाला विरोधही केला. काका, यात काही तथ्य आहे का? सरळ सांगा.

भूगर्भी

सरळ सांगतो, नाही. पुनर्भरण बिनधास्त करा. बोअरवेल दोनशे-तीनशे फूट, फार तर हजार. तिथे पावसाचं पाणी आपल्या वजनाने मुरतं, पंपाने दाबून कुणी भरत नाही. आपण इथे बोलतोय ते किलोमीटरांत खोल, आणि महिन्याला हजारो टँकर. पालघर जिल्ह्यात असं खोल पाणी कुणी सोडत नाहीये.

तिथल्या हादऱ्यांत पावसाळ्यात भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा हात असावा असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे, पण तो निसर्गाचा व्यवहार, गावाच्या शोषखड्ड्याचा नाही. कृपया पुनर्भरण थांबवू देऊ नका, घरं मात्र मजबूत करा. हे दोन्ही ग्रामपंचायतीत माझ्या शब्दांत वाचून दाखवलंत तरी चालेल.

डहाणूचा_मी

मनापासून आभार. प्रिंट काढून नेतो.

मोरगिरीकर

उशीर झाला, लाईट नव्हती.

कोयनेचं इथे कुणी नीट मांडलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे खोल विहिरीतून पाणी सोडलं नाही, वर धरण बांधलं. १०३ मीटर उंच, शिवसागर जलाशय, शंभरावर टीएमसी पाणी. १९६१-६२ पासून पाणी साठायला लागलं आणि लगोलग बारीक हादरे सुरू झाले. जुनी माणसं सांगतात तेव्हा जमिनीतून तोफेसारखे आवाज यायचे. आणि १९६७ ला ६.३ चा. दोनशेच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, पहाटेची वेळ, डिसेंबरची थंडी म्हणून सगळे घरात. आमच्या घरातली दोन त्यात. त्यानंतर कित्येक वर्षं लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. माझ्या वडिलांकडे भूकंपग्रस्ताचा दाखला होता, लॅमिनेट करून ठेवलेला.

धरणाने झालेल्या भूकंपांत जगात सगळ्यात मोठा हाच मानतात. आणि बाकी ठिकाणी थांबले तसे आमच्याकडे थांबले नाहीत, साठ वर्षं होत आली. पावसाळ्यात धरण भरलं की सप्टेंबरात आणि परत डिसेंबरच्या सुमाराला वाढतात. साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यातच, बाहेर नाही. म्हणून तर इथे शास्त्रज्ञांनी खोल बोअर मारलं. कराडजवळ हजारमाचीला केंद्राची प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला २०१७ मध्ये ३ किलोमीटरचं बोअर पूर्ण झालं. आधीच्या नऊ बोअरमध्ये कळलं की आमच्या पायाखालचा काळा पत्थर कुठे चारशे मीटर, कुठे बाराशे, आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाईट. त्या बोअरमध्ये उद्देश पाणी भरायचा नाही, उपकरणं फॉल्टच्या जवळ नेऊन दाब, तापमान, ताण मोजायचा. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्तांनी आयुष्य घातलं या एका प्रश्नात.

आता माझं म्हणणं. १९६७ ला आमच्या लोकांना कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही, धरणाने भूकंप होतो हे तेव्हा जगातच फार कुणाला ठाऊक नव्हतं. आणि धरणाने राज्याला वीज दिली. पण १९६७ नंतर जे पाणी खाली सोडतात त्यांना ठाऊक नव्हतं हे चालणार नाही. आमची माणसं गेली तेव्हाच तो धडा लिहिला गेला.

कृष्णाकाठची

दादा, काय बोलू. हे आईला वाचून दाखवते.

भूगर्भी

मोरगिरीकर, तुमच्या शेवटच्या वाक्यांपुढे तांत्रिक काही लिहिणं जड जातंय, पण एक आशेची गोष्ट सांगायची राहिली.

थांबवता येतं, आणि हे प्रयोगाने सिद्ध झालंय. कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्र खात्याने मुद्दाम दाब वाढवून-कमी करून पाहिला. ठरावीक दाबाच्या वर गेलं की भूकंप सुरू, खाली आणलं की बंद. नळासारखं. आणि २०१८ ला फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळ सहा किलोमीटर खोल विहिरीत अठराशे टँकर पाणी सोडलं, बासेल आणि पोहांगपेक्षाही जास्त, पण भोवती भूकंपमापक बसवून दर मिनिटाला बघत, प्रशासनाने घालून दिलेली मर्यादा २.१, आणि जिथे वाढतंय तिथे लगेच हात आखडता. सगळ्यात मोठा धक्का १.९ वर राहिला. ओक्लाहोमातसुद्धा पाणी कमी केल्यावर, आणि तेलाचे भाव पडल्यामुळेही, आकडा उतरला, ९०० वरून २०१९ पर्यंत शंभराच्या आत.

म्हणून माझी मागणी एवढीच असते, जिथे कुठे खोल पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडायचा विचार असेल तिथे आधी दोन वर्षं भूकंपमापक लावा, आणि पाण्याचा दाब आणि हादऱ्यांची नोंद रोजच्या रोज गावाच्या फळ्यावर लावा. कंपनीच्या कपाटात नाही. डेन्व्हरला इव्हान्सने दोन आलेख एकाखाली एक ठेवले तेव्हा गोष्ट बाहेर आली. ते आकडे हातात नसते तर?

स्नेहल_ह्यूस्टन

अनुमोदन. टेक्सासमध्ये राज्याचं स्वतःचं भूकंपमापकांचं जाळं आहे, त्याचा नकाशा कुणीही उघडून बघू शकतं. मी आता दर आठवड्याला बघते, आणि मीटिंगमध्ये विचारते.

उल्सान_ते_उरण

कृष्णाकाठची ताई, तुमच्या आईंच्या आठवणी जमल्या तर रेकॉर्ड करून ठेवा. १९६७ पाहिलेली माणसं आता कमी होत चाललीत.

मोरगिरीकर

हो ताई, नक्की करा. हेळवाकमध्ये त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं, कुणाचं घर आधी पडलं, हे आता सांगणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी आहेत. त्यांच्या आळीतली नावं सांगितलीत तर मी इकडे विचारतो.

कृष्णाकाठची

काल रात्री आईला फोन करून सगळं वाचून दाखवलं, तासभर लागला. डेन्व्हरचं ऐकून तिने तारीख परत विचारली. पोहांगच्या परीक्षेचं ऐकून म्हणाली, बरं झालं पोरं वर्गात नव्हती. मग मोरगिरीकरदादांचं वाचायला लागले तर मध्येच थांबवून म्हणाली, ते कुणाच्या घरातले, त्यांना विचार त्यांच्या आजीचं माहेर कुठलं.

पुढच्या शनिवारी रेकॉर्ड करणार आहे. तिने आत्तापासून कागदावर नावं लिहायला घेतलीत, ओढ्याच्या अलीकडची घरं आधी, मग पलीकडची. काल रात्रीपर्यंत चौदा झाली होती.